सेंट अँड्र्यूजचं सतरावं होल: रचना, कोन आणि कडक जमीन

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावातल्या 'ओल्ड कोर्स' या गोल्फच्या मैदानावरचं सतरावं होल, म्हणजे 'रोड होल', कार्डावर पार चार, म्हणजे चांगल्या खेळाडूने टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) भोकापर्यंत चार फटक्यांत संपवावं असं. ग्रीनसमोर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतासमोर) तळं नाही, फेअरवेवर (मधल्या कापलेल्या पट्ट्यावर) झाडं नाहीत. तरी ओपन ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा खेळणारे खेळाडू तिथे पाच-सहा घेऊन निमूट अठराव्याकडे चालू लागतात. यात रचना किती आणि योगायोग किती? साधारण अठरा हँडिकॅपच्या (पूर्ण फेरीत पारपेक्षा अठराच्या आसपास जास्त फटके लागणाऱ्या) माणसाने ते खेळावं कसं? आणि आपल्याकडच्या एखाद्या कोर्सवर तसं होल बांधता येईल का?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देता येतं. हे होल कुणी एका माणसाने कागदावर आखलेलं नाही. ग्रीनच्या मागून जाणारा रस्ता गावाचा. उजवीकडे रेल्वे आली, तिच्या शेड उभ्या राहिल्या. पुढे रेल्वे गेली आणि तिथे हॉटेल आलं. खेळणाऱ्यांनी ही अडगळ हटवली नाही, तिच्यासकट खेळत राहिले. मात्र आज ते होल इतकं का चालतं याची कारणं मोजून सांगता येतात: तिरकं ग्रीन, त्याच्या पोटात घुसलेला बंकर (वाळूचा खड्डा), पाठीशी रस्ता आणि खाली कडक जमीन. नकला करणारे पहिल्या तीन गोष्टी उचलतात आणि चौथी विसरतात. म्हणून बहुतेक नकला फसतात.

ग्रीनपासून सुरुवात

कुठलंही होल समजून घ्यायचं असेल तर टीवर उभं राहून पाहू नका. आधी पिनपाशी (भोकातल्या झेंड्यापाशी) जा आणि मागे वळून टीकडे बघा. चेंडू कोणत्या दिशेने आला तर सहज थांबेल, हे ग्रीन सांगतं. तिथून मागे यायचं म्हणजे दुसरा फटका कुठून हवा ते कळतं, आणि त्यावरून ड्राइव्हची, म्हणजे टीवरच्या पहिल्या लांब फटक्याची, रेघ.

सतराव्याचं ग्रीन लांबट आणि अरुंद आहे, आणि खेळण्याच्या रेषेला तिरकं पडलेलं आहे. पुढचं तोंड उजव्या बाजूला उघडतं, शेपूट डावीकडे मागे जाते. ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे, त्यामुळे समोर एक चढ लागतो. डाव्या अंगाला, बरोबर मध्यावर, रोड बंकर ग्रीनच्या कुशीत घुसलेला आहे. मागच्या, म्हणजे उजव्या, अंगाला जमीन एकदम खाली जाते. तिथे रस्ता आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत.

आता उजवीकडून बघा. ग्रीन बरंचसं लांबीच्या दिशेने समोर येतं, तोंड उघडं असतं, चेंडू जमिनीवरून चढ चढत आत जाऊ शकतो. डावीकडून बघितलं तर तेच ग्रीन आडवं होतं. समोर बंकर, मागे रस्ता, आणि मध्ये एक पट्टी.

ही पट्टी किती जाड वाटते, हे आकड्यांत पाहू. समजा ग्रीनची रुंदी 15 यार्ड धरली आणि तुमची रेघ ग्रीनच्या अक्षाशी 45 अंशांचा कोन करते. मग तुमच्या रेषेवर उतरायला मिळणारी खोली साधारण 21 यार्ड. आता चेंडू 40 यार्ड उजवीकडे असता तर? 180 यार्डांवरून 40 यार्ड बाजूला सरकलं की कोन जेमतेम 12 अंशांनी बदलतो. 45 चे 33 होतात आणि खोली 21 वरून 27-28 यार्डांवर जाते. फरक सहा-सात यार्डांचा. (आकडे हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत, ग्रीनच्या नकाशातले नाहीत.)

इतक्याशा फरकासाठी हॉटेलच्या भिंतीला खेटून ड्राइव्ह मारायचा? इथेच जमिनीचा मुद्दा येतो. मऊ ग्रीनवर सहा नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) मारलेला उंच चेंडू चार-पाच यार्डांत थांबतो. त्याला 21 यार्डही पुष्कळ आणि 28 यार्डही पुष्कळ. कोनाला काही किंमत उरत नाही. कडक ग्रीनवर, पाठीमागून वारा असताना, तोच चेंडू पडल्यावर 20-22 यार्ड धावतो. आता 21 यार्डांत तो बसत नाही आणि 28 यार्डांत बसतो. कोनाची किंमत नेमकी या धावण्यात आहे.

टीवरून काय विकत घ्यायचं

होलची लांबी ओपनसाठी 2010 साली 455 यार्डांवरून 495 केली. टी मागे नेली, कारण आधुनिक ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने) लोक शेडवरून सहज उडवून दुसरा फटका वेजने (आखूड, उंच फटक्याच्या क्लबने) मारू लागले होते. वेज मारता आला की चेंडू उंचावरून पडून थांबतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे कोनाला अर्थ राहत नाही. म्हणजे 40 यार्डांच्या वाढीने होल नुसतं लांब झालं नाही, कोनाचा प्रश्न परत जिवंत झाला.

टीसमोर उजवीकडे काळ्या-हिरव्या शेड आहेत. जुन्या रेल्वे शेडच्या जागी हॉटेलने तशाच आकाराच्या बांधलेल्या. त्यावर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे आणि कॅडी निशाण म्हणून त्यातलं अक्षर सांगतात. जितकं उजवीकडचं अक्षर, तितका कोन चांगला, दुसरा फटका छोटा, आणि हॉटेलच्या आवारात जाण्याची भीती जास्त. ते आवार आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेर. डावीकडे मात्र जागाच जागा आहे, कारण पलीकडे दुसऱ्या होलचा फेअरवे लागतो. पण तिकडे रफ (वाढलेलं गवत) आहे आणि तिथून ग्रीन आडवं दिसतं.

हौशी खेळाडूने हा व्यवहार पैशासारखा मोजावा. चांगल्या हौशी खेळाडूचे ड्रायव्हरचे वीस फटके एकाच निशाणावर मारून घेतले तर ते आडवे 60-70 यार्डांत विखुरतात. एकेक फटका बघून आपल्याला हे खरं वाटत नाही, वीस मारून खुणा करा म्हणजे पटेल. आता निशाण इतकं उजवीकडे घेतलं की वीसपैकी तीन बाहेर जातात. बाहेर म्हणजे एक दंड आणि परत टीवरून, एकूण साधारण दोन फटके. तीनदा दोन म्हणजे सहा, भागिले वीस: दर ड्राइव्हमागे 0.3 फटका. ही त्या रेषेची किंमत. चांगल्या कोनामुळे तुमचे दर वेळी 0.3 पेक्षा जास्त वाचतात का? ज्याला चार नंबर आयर्नने ग्रीनवर थांबवता येतं त्याचे वाचत असतील. ज्याचा दुसरा फटका तसाही ग्रीनपर्यंत पोहोचत नाही, त्याचे वाचत नाहीत. त्याने निशाण 20 यार्ड डावीकडे सरकवावं आणि विसरून जावं.

फेड आणि ड्रॉचा एक बारकावा. (उजव्या हाताच्या खेळाडूचा फेड हवेत उजवीकडे वळतो, ड्रॉ डावीकडे.) होल उजवीकडे वळतं म्हणून उजव्या हाताचा खेळाडू फेड मारायला बघतो. फेड शेडच्या डावीकडून निघून वळणासोबत फिरतो, दिसायला छान. पण हातातून जरा जास्त वळला की सरळ हॉटेल. ड्रॉ मारणाऱ्याला शेडवरूनच सुरुवात करावी लागते, जी डोळ्यांना नको वाटते. पण जास्त वळला तरी तो रफमध्ये जातो, बाहेर नाही. फेडवाल्याने म्हणूनच डावीकडचं निशाण घेऊन अर्धाच वळवायचा बेत करावा.

दुसरा फटका: चुकायचं कुठे

सतराव्यावर मोठे आकडे जवळजवळ नेहमी दुसऱ्या फटक्याच्या लोभातून येतात. चुकायच्या जागा तीन: बंकर, रस्ता, आणि ग्रीनच्या पुढे उजवीकडची मोकळी जमीन. पहिल्या दोन ठिकाणांहून पाच केले तरी लोक सुस्कारा टाकतात. तिसऱ्या ठिकाणाहून चार होतात, पाच तर हमखास.

1984 च्या ओपनमध्ये शेवटच्या दिवशी टॉम वॉटसनने इथे दोन नंबर आयर्न काढला. चेंडू ग्रीन ओलांडून रस्त्यापलीकडे भिंतीजवळ गेला आणि बोगी (पारपेक्षा एक जास्त) झाली. त्याच्या पुढे खेळणाऱ्या सेव्ह बायेस्तेरोसने आधीचे तिन्ही दिवस या होलवर बोगी केली होती. त्या दिवशी त्याने डावीकडच्या रफमधून ग्रीन गाठून चार केले, मग अठराव्याला बर्डी (पारपेक्षा एक कमी), आणि ओपन जिंकली. या उदाहरणाचा चुकीचा अर्थ लावला जातो की रफमधूनही जमतं. चार दिवसांत एकदाच जमलं, आणि तेही बायेस्तेरोसला.

बंकरचा धोका त्याच्या आकारात नाही. आकाराने तो लहानच आहे. त्याच्या भोवतीची जमीन आणि ग्रीनचा तो भाग चहूकडून त्याच्याकडे उतरतो. चेंडूच्या दृष्टीने बंकर दिसतो त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. 1978 मध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. पिन बंकरच्या मागे. त्याचा पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) उताराला लागला आणि बंकरमध्ये पडला, बाहेर यायला चार फटके लागले, कार्डावर नऊ. ड्राइव्ह बरोबर, अप्रोच बरोबर, आणि नऊ! 2000 मध्ये डेव्हिड ड्यूव्हलनेही शेवटच्या दिवशी याच बंकरमध्ये चार फटके घालवून आठ केले. त्याच आठवड्यात टायगर वुड्स 112 बंकरांच्या या कोर्सवर चारही दिवसांत एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि 19 अंडरने (पारपेक्षा 19 कमी) जिंकला. बंकरमधून बाहेर येण्याचं कौशल्य त्याला वापरावंच लागलं नाही.

पिन बंकरच्या मागे असेल तर पटसुद्धा वळसा घालून मारायचा. पुढच्या टोकावरून पिनकडे सरळ रेघ धरली की उतार चेंडू डावीकडे बंकरकडे ओढतो. निशाण उजवीकडे, ग्रीनच्या उंच भागावर धरा, दहा-बारा फूट लांब राहिला तरी चालेल. 2022 मध्ये कॅमेरॉन स्मिथने शेवटच्या फेरीत हेच केलं. त्याचा दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे थांबला होता आणि पिन व त्याच्या मध्ये रोड बंकर होता. वेजने उडवायचा मोह टाळून त्याने पटर घेतला, चढावरून बंकरला वळसा घालून चेंडू ग्रीनवर आणला, सुमारे दहा फुटांचा पट घातला, चार केले आणि ओपन जिंकली. वेजने चूक झाली तर बंकर किंवा रस्ता. पटरने चूक झाली तर तीन पट. या होलवर तीन पट स्वस्त आहेत.

बंकरमध्ये पडलातच तर

इथल्या बंकरांची पुढची भिंत गवताच्या ढेकळांचे थर एकावर एक रचून केलेली असते, जवळजवळ उभी. एक सोपा नियम लक्षात ठेवा: चेंडू आणि भिंत यांच्यातलं अंतर भिंतीच्या उंचीपेक्षा कमी असेल तर पुढे मारू नका. भिंत 1.8 मीटर आणि चेंडू 1.8 मीटरवर असेल तर चेंडूला 45 अंशांहून उंच निघावं लागतं. 1.5 मीटरवर असेल तर 50 अंशांच्या वर. ओल्या, घट्ट वाळूत हौशी माणसाला हे दहातून दोनदा जमलं तर खूप. बाजूला किंवा मागे मारा. एक फटका जातो, पण एकच जातो.

मागेही जागा नसेल तर नियम वापरा. चेंडू 'अनप्लेएबल' (खेळता न येणारा) म्हणून एक दंड घेतलात तर बंकरच्या आतच, दोन क्लब-लांबीत किंवा पिनच्या रेषेत मागे टाकता येतो. आधीच्या जागेवरून पुन्हा मारायचा पर्यायही एका दंडातच. 2019 पासून आणखी एक वाट आहे: दोन दंड घेऊन पिन आणि चेंडू यांच्या रेषेत बंकरच्या बाहेर मागे टाकायचा. दोन दंड ऐकून लोक नाक मुरडतात. पण भिंतीला चिकटलेल्या चेंडूवर तीन फटके घालवण्यापेक्षा तो सौदा बरा.

रस्त्याचंही तसंच. इतर कोर्सवर पक्का रस्ता मध्ये आला की दंडाशिवाय बाजूला टाकायची सवलत मिळते. इथे रस्ता आणि भिंत खेळाचा भाग आहेत, चेंडू जिथे आहे तिथूनच मारायचा. रस्त्यावर रुंद, गोलसर तळाचा सँड वेज घेऊ नका, तो आपटून उसळतो आणि कड चेंडूच्या मध्यावर बसते. पटर, किंवा आठ नंबरसारखा पातळ तळाचा आयर्न घेऊन चेंडू ग्रीनच्या चढाच्या पायथ्याशी आपटवा आणि त्या आपटण्यातच त्याचा वेग मोडू द्या. भिंतीशी इतका चिकटला की क्लब मागे जात नाही, तर 2010 मध्ये मिगेल आंखेल हिमेनेझने केलं ते आठवा: त्याने चेंडू भिंतीवर मारून उलटा उसळवला आणि ग्रीनवर आणला. तो सराव न करता आजमावू नका. अंगावर आलेला चेंडू कपाळाचा नेम बरोबर धरतो.

अठरा हँडिकॅपचा बेत

पाहुण्यांना ओपनच्या टीवरून खेळवत नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी होल साडेचारशे यार्डांच्या आत-बाहेर असेल. हँडिकॅपमुळे तुमच्या कार्डावर या होलला किमान एक फटका सवलतीचा मिळतो. म्हणजे तुमचा पार पाच. हे मनात पक्कं केलं की अर्धं काम झालं.

टीवरून शेडच्या डाव्या भागावरून किंवा अगदी डावीकडून, ज्यात तुमचा नेहमीचा वळणारा फटकाही आत राहील असा. दुसरा फटका ग्रीनकडे नाहीच. ग्रीनच्या 30-40 यार्ड अलीकडे, उजवीकडे, जिथून बंकर रेषेत येत नाही, तिथे. ड्राइव्ह 200 गेला असेल तर दुसरा 200-210 हवा. तितका जात नसेल तर 170 चा मारून तिसरा 70-80 वरून खेळा, फक्त उजवा अंग सोडू नका. डावीकडे स्कॉलर्स आणि प्रोग्रेसिंग हे दोन बंकर नेमके ले-अप करणाऱ्यालाच (मुद्दाम ग्रीनच्या अलीकडे थांबणाऱ्यालाच) पकडायला बसलेले आहेत. तिसरा फटका जमिनीवरून, चढावरून, ग्रीनच्या पुढच्या भागावर. पिन कुठेही असो, पुढचाच भाग. मग दोन पट. पाच. ज्या दिवशी पहिला पट पडेल त्या दिवशी चार.

वारा समोरून असेल तर हाच बेत चार फटक्यांत ग्रीन गाठण्याचा होतो आणि सहा लिहायची तयारी ठेवावी. पाठीमागून असेल तर उलट जपायचं, कारण तेव्हा चेंडू चढ चढून ग्रीनभर धावतो आणि रस्त्यावर उतरतो. ले-अपच तेव्हा 20 यार्ड अलीकडे थांबवा.

हा एकटा अपवाद नाही

सतराव्याचं तत्त्व परतीच्या बऱ्याच होलांत आहे, आणि त्याचं कारण कोर्सच्या ठेवणीत सापडतं. ओल्ड कोर्स जाऊन परत येणारा आहे. जाण्याची होलं समुद्राच्या बाजूने, येण्याची गावाच्या बाजूने, आणि मधली जमीन दोघांची. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज अठरा: दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, असं आठव्या-दहाव्यापर्यंत. परत येताना हद्द बहुतेक उजवीकडे आणि सामायिक मोकळी जागा डावीकडे. म्हणून डावीकडे मारणं सुरक्षित, आणि ग्रीन उजवीकडून उघडतात.

सोळाव्यावर फेअरवेच्या मधोमध 'प्रिन्सिपल्स नोज' नावाचं बंकरांचं टोळकं आहे. ते आणि जुन्या रेल्वेमार्गाच्या बाजूचं कुंपण यांच्या मध्ये बेताची फट. त्या फटीतून गेलात तर ग्रीन खुलं. डावीकडून गेलात तर ग्रीनच्या डाव्या तोंडावरचा 'विग' बंकर ओलांडावा लागतो.

चौदावं, 600 यार्डांहून लांब पार पाच, माझ्या मते सतराव्यापेक्षाही चांगलं शिकवतं, कारण तिथे दुसऱ्या फटक्याला खऱ्या अर्थाने तीन वाटा आहेत. ड्राइव्ह 'बिअर्डीज' बंकर आणि उजवीकडची भिंत यांच्यामधल्या 'एलिशियन फील्ड्स' नावाच्या सपाटीवर ठेवायचा. मग समोर 'हेल' बंकर. तो ओलांडा, त्याच्या अलीकडे थांबा, किंवा डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर जाऊन वळसा घ्या. हौशी खेळाडूला डावी वाट उत्तम. 1995 मध्ये जॅक निक्लसला हेलमधून निघायला चार फटके लागले आणि त्याने दहा लिहिले. ग्रीनला पुढे उंच चढ आणि पलीकडे मागच्या बाजूला उतार आहे, त्यामुळे उंच फटका थांबत नाही. चढावरून घरंगळत येणाराच थांबतो. पुन्हा तेच, कडक जमीन.

बारावं वेगळंच. टीवरून एकही बंकर दिसत नाही आणि फेअरवेच्या मध्यात बरेच आहेत. कोर्स पूर्वी उलट्या दिशेनेही खेळला जाई, आणि त्या दिशेने ते बंकर स्पष्ट दिसतात. इथे डोळ्यांवर विसंबू नका, आखणीची वही किंवा कॅडी जे सांगेल ते ऐका.

आपल्याकडे बांधायचं झालं तर

कल्पना नवी नाही. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स बांधताना स्कॉटलंड-इंग्लंडमधली निवडक होलं नमुना म्हणून घेतली. तिथलं सातवं होल सतराव्यावरून घेतलेलं आहे. त्याने शेड बांधल्या नाहीत, त्या जागी वाळूचा पसारा ठेवला. तत्त्व घ्यायचं, वस्तू नाही, हे त्याला कळलं होतं. शिवाय त्याने होल पार पाच ठेवलं, म्हणजे कार्डावरचा आकडा खेळाडूच्या डोक्यात खोटी अपेक्षा भरत नाही.

महाराष्ट्रात पहिली अडचण पावसाची. रोड बंकरसारख्या लहान, खोल 'पॉट' बंकरची ताकद म्हणजे भोवतीचा उतार चेंडू गोळा करून आत आणतो. तो उतार पाणीही गोळा करून आत आणतो. सेंट अँड्र्यूजला खाली वाळू आहे, पाणी मुरून जातं. पुण्या-नाशकाच्या मुरमात किंवा काळ्या मातीत त्या बंकरची जूनअखेर विहीर होते. वरच्या कडेला 15-20 सेंटिमीटरचा बांध घालून पाणी वळवावं, तर तोच बांध चेंडूही अडवतो आणि रचना मरते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे ढेकळांची उभी भिंत दोन हंगामांत पोट काढते आणि ढासळते.

माझा सल्ला: वाळूच घालू नका. त्या जागी गवताचा खोल खड्डा करा. साधारण 1.2 मीटर खोल, ग्रीनच्या बाजूला तीव्र उतार, तळाशी झाकण असलेला पाण्याचा चौकोनी खळगा, आणि तिथून चार इंची पाइप किमान 1 टक्का उताराने बाहेर. भोवतीचा उतार ग्रीनच्या काठापर्यंत तोडता कामा नये. गवत तळाशी 40-50 मिलिमीटर ठेवलं की चेंडू बसतो, आणि बाहेर काढणं वाळूपेक्षा फार सोपं होत नाही. वाळूचाच बंकर हवा असेल तर तळाला 10 सेंटिमीटर, भिंतीपाशी 5 सेंटिमीटर वाळू, खाली खडी आणि भोकांचा पाइप, आणि भिंत उभी न ठेवता 45 अंशांच्या आत.

ग्रीन उभारताना नेहमीचा थर पाळा: खाली चार इंची पाइप, त्यावर 10 सेंटिमीटर खडी, वर 30 सेंटिमीटर वाळूमिश्रित माती. रेषेला 35 ते 45 अंश तिरकं ठेवा. पिन लावायच्या जागांवर उतार 3 टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर जानेवारीत ग्रीन वेगवान झालं की चेंडू थांबणार नाही. सेंट अँड्र्यूजलाही ग्रीन मुद्दाम फार वेगवान करत नाहीत. 2015 च्या ओपनमध्ये शनिवारी वाऱ्याने चेंडू आपोआप हलू लागले, खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली.

सर्वांत जास्त पैसे आणि लक्ष कुठे घालायचं? ग्रीनसमोरच्या 30-40 यार्डांवर. आपल्याकडचं बरम्युडा गवत ग्रीनसमोर दाट आणि चिवट वाढतं, घरंगळता चेंडू त्यात अडकून दोन उड्यांत मरतो. मग जमिनीवरून जाण्याची वाट फक्त नकाशात राहते, सगळे उंच मारतात आणि तुमचं तिरकं ग्रीन साध्या निशाणासारखं वागू लागतं. त्या पट्ट्यावर 10-15 सेंटिमीटर वाळूचा थर द्या, गवत 10-12 मिलिमीटरवर कापा, वर्षातून दोनदा तरी उभ्या पात्यांनी विरळ करा, आणि पाण्याचे फवारे ग्रीनपासून वेगळे ठेवा, म्हणजे ग्रीनला पाणी देताना हा पट्टा भिजणार नाही. तरी जून ते सप्टेंबर तो मऊच राहणार. त्या चार महिन्यांत चेंबूरचा कोर्स काय किंवा येरवड्याचा काय, कोन विसरून सरळ फेअरवेच्या मध्यावर मारणं हीच योग्य खेळी.

फेअरवे अरुंद करू नका. दोन्ही बाजूंना झाडं लावून 30 यार्डांची गल्ली केली की निवड संपली, आणि निवड नसेल तर कोनाचा विषयच नाही. 50-60 यार्ड रुंदी ठेवा, मग लोक आपण होऊन धोक्याच्या बाजूला जातील. आणि उजवीकडच्या आउट ऑफ बाउंड्सची नक्कल मात्र करू नका. सेंट अँड्र्यूजला हॉटेल आधीपासून आहे, तुमच्या शेजारी उद्या सोसायटी उभी राहील. खेळण्याच्या मध्यरेषेपासून घरं किमान 60 मीटर तरी हवीत, वळणाच्या आतल्या बाजूला त्याहून जास्त, कारण चुकलेले चेंडू तिकडेच पडतात. धोक्याची बाजू म्हणून तिथे नाला चालेल, नाहीतर उंच गवताचा ओढा. चेंडू हरवण्याऐवजी एका दंडात सुटका होते, आणि खेळाडू पुन्हा एकदा त्या बाजूने मारायला तयार होतो.